नाकासमोर चाललो त्याची गोष्ट

तीर्थरूप आत्यास भाच्याचा साष्टांग नमस्कार. (नाक तेवढं जमिनीला टेकवलेलं नाही, कारण पुढे येईलच.) तुझे गुडघे काय म्हणतात? आम्ही सगळे मजेत, म्हणजे मी सोडून.

माणसानं नाकासमोर चालावं, हे तू लहानपणापासून बजावत आलीस. चाललो. समोर आपल्याच चष्म्याच्या दुकानाचं काचेचं दार होतं आणि सकाळी मीच ते इतकं लख्ख पुसलं होतं की दिसलंच नाही. (चष्मेवाल्याला काच दिसली नाही, ही बातमी डावीकडच्या न्हाव्यानं गावभर केली. त्याचं भलं होवो.) तेव्हापासून नाक डावीकडे वळलंय. आता नाकासमोर चालायचं तर थेट त्याच्याच खुर्चीत जाऊन बसावं लागेल. माझ्या नाकावरचा तिरका चष्मा बघून गिऱ्हाईक आल्या पावली परत जातं. तेही सोसलं असतं गं, पण एक नाकपुडी बंद झाल्यानं मी असा घोरतो की ही उशी-पांघरूण घेऊन दुसऱ्या खोलीत गेली, ती गेलीच. हसू नकोस. दिवा मालवल्यावर आम्ही दिवसभराचं सगळं एकमेकांना सांगायचो. आता मी भिंतीला सांगतो. ती परत यावी, एवढंच मला हवंय.

म्हणून सर्जन शोधायला निघालो. पहिल्याकडे कारंजं, गुळगुळीत फरशी आणि फोटोंचा जाडजूड अल्बम. पण सगळी नाकं एकाच साच्यातली! आजीबाईंना जे नाक, तेच पैलवानाला. मी आपलं नाक मुठीत धरून बाहेर पडलो.

दुसऱ्या ठिकाणी बाकांचा रंग उडालेला, पण डॉक्टरीणबाई! आत्या, काय सांगू तुला! आधी माझी सगळी रड ऐकून घेतली. मग स्टीलची गार पट्टी नाकाखाली धरली, तर वाफेचा डाग एकाच बाजूला. "श्वासाचं आधी बघू, रूपाचं मागून," म्हणाल्या. मी उगाच शहाणपणा करत विचारलं, तुमच्या हातून कधी बिघडलंय का? चिडल्या नाहीत. हे नाक माझ्याकडून वाकडं राहिलं आणि हे मीच पुन्हा नीट केलं, असं म्हणून दोन्ही फोटो पुढ्यात ठेवले. माझं काय काय बिघडू शकतं, तेही सांगितलं. माझा विश्वास बसला तो तिथंच. अशा माणसाच्या हाती नाकच काय, मान द्यावी. मग दोन बोटांनी नाक चाचपून म्हणाल्या, "हा मधला उंचवटा दाराचा नाही, घरचा दिसतोय. ठेवायचा की काढायचा?"

तो बाबांचा उंचवटा. मी त्यावरून एकदा बोट फिरवलं. म्हणालो, ठेवा.

थोरामोठ्यांना नमस्कार सांग.

तुझा, तूर्त डावीकडे वळलेला,
भाचा

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. बाईंना ते नाक बाजूनं बघायचंय, आणि लाजऱ्या बाबांचा एकही फोटो बाजूनं नाही. तसं नाक आता जगात तुझं एकटीचं. ते घेऊन ये. मला भीती वाटतेय, तू शेजारी हवीस.

ता. क. २. तुझी झोपायची सोय हिच्या खोलीत केली आहे. हिनं हौसेनं पलंग सरकवून जागा केलीय. तू बाबांच्या वरताण घोरतेस, हे मी तिला सांगितलेलं नाही. एका रात्रीत उशी-पांघरुणासकट माझ्याकडे परत येईल. मग ऑपरेशनचं सावकाश बघू.