माझ्या खाचरातलं तेल

२ जुलै, सकाळ
पूजाने पतपेढीची कोरी डायरी दिली. नात महाडला कॉलेजात हाय. म्हणाली, आजी, दिवसभर माझं डोकं खातेस, त्यातलं थोडं इथे लिही. चौथी पास हाय मी, लिहिते.
शेजारच्या ठकूबाईचा नातू हृतिक समुद्रातल्या तेलाच्या विहिरीवर कामाला लागला. चौदा दिवस पाण्यावर, चौदा दिवस घरी. त्याची कामावरची नारिंगी डांगरी तिने माझ्या दाराकडे तोंड करून वाळत घातलीय. तीन दिवस झाले. वाळली असेल आता. मला काय, रंग चांगला हाय. हेवा मला जन्मात माहीत नाय.

६ जुलै
टीव्हीवर भांडण. एक म्हणतो आपल्याच देशात तेल काढा, बाहेरून किती आणणार. दुसरा म्हणतो शेती जाईल, मासे मरतील. सरपंच दर्शना म्हणाली, तेरा ऑगस्टच्या महिला ग्रामसभेत बोलू, गावाचं म्हणणं वर कळवू. ठकूबाई लगेच म्हणे, काढावं, माझा हृतिक सांगतो. मी ठणकावलं, नको! सावित्री नदीतल्या माशांचं काय? बायकांनी माना डोलावल्या. मी माळकरी, मासे खात नाय, ते वेगळं.

११ जुलै
खालच्या खाचरात पाण्यावर तवंग! मोरपिशी. पेट्रोल सांडल्यावर दिसतो तस्साच. माझ्या खाचरात तेल हाय!!
पूजा म्हणे, आजी, आपल्याकडे खाली काळा कातळ, तेल कुठून येणार? शिकलेल्यांचा विश्वास कमी.
रात्रभर विचार केला. देशासाठी तेल काढायलाच पाहिजे. मासे काय, पुष्कळ हायत.

१२ जुलै
आज माझ्याकडे भातलावणीची पाळी. काल आम्ही सगळ्या ठकूबाईच्या वरच्या खाचरात राबलो, आज त्या इकडे. मी बांधावरूनच परत पाठवलं. पाय घालू नका म्हटलं. ठकूबाई म्हणे, का गो, खाली सोनं सांडलंय? मी म्हटलं, सोन्याचं काय घेऊन बसलीस. तेल हाय तेल!
सांगायचं नव्हतं. पण तिचं तोंड बघायला मिळालं.

२० जुलै
ठकूबाई फिरली! आता म्हणते, समुद्रात काढा, शेतात नको, भात जाईल. जळणारं माणूस कसं पलटी मारतं बघा. मी आपली एका मतावर ठाम.
सभेत बोलायला हिरवं लुगडं काढून ठेवलं.

२६ जुलै
माझी भाताची रोपं तरव्याच्या वाफ्यातच पिवळी पडायला लागली. पूजा चिडली, आजी, लाव नायतर कुणाला तरी दे. दिली ठकूबाईला. तिचं खालचं खाचर रिकामं होतं. मन मोठं लागतं.

१३ ऑगस्ट, दुपार
हृतिक सुट्टीवर आलाय. मीच बोलावला. ठकूबाईला म्हटलं, सभेआधी तुझ्या माणसाच्याच तोंडून सगळ्यांना ऐकू दे. ठकूबाई, दर्शना, आणखी चार बायका बांधावर. पोराने काडी घेऊन तवंगात फिरवली. भाजलेला पापड मोडावा तसे तुकडे झाले. तसेच राहिले. म्हणाला, आजी, तेल असतं तर परत जुळून आलं असतं. हे मातीतलं लोखंड, साचलेल्या पाण्यावर येतं.
ठकूबाई हसेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. ती हसलीच नाय. म्हणाली, चल गो, सभेला उशीर होतोय. माझा हात धरून बांधावरून नेलं. त्यापेक्षा हसली असती तर बरं.

संध्याकाळ
सभेत दर्शनाने विचारलं, तेल काढावं का नको? मी म्हटलं, आधी काडी घालून बघा, मग ठरवा. टाळ्या पडल्या.
परतताना सहज ठकूबाईच्या खालच्या बांधावरून आले. माझी रोपं तिच्या खाचरात हिरवीगार. माझं रिकामं, यंदा त्यात दाणा नाय.
तिच्या कोपऱ्यात पण तवंग हाय. कुणी नव्हतं. काडी घातली. तुटला.
पण माझ्यापेक्षा मोठा हाय.