न घासलेला सांधा

मामंजी, तुम्ही बाहेरून कडी लावायचात तो आवाज मी आजही ओळखेन. आधी साखळी ओढल्याचा, मग ती कोयंड्यात बसल्याचा, आणि मग तुमचं ते हळूच खाकरणं, जणू माझी माफीच मागताय. लग्न होऊन नेवाशाला आले तेव्हा सासूबाई नव्हत्या, घरात आपण तिघंच. हे, म्हणजे तुमचा मुलगा, कारखान्यावर नोकरीला जाताना रोज एकच वाक्य बोलायचे, "उंबरा ओलांडायचा नाही." तुम्ही घरी असलात तर दार नुसतं लोटलेलं असायचं. तुम्ही कामावर निघालात की मात्र कडी. ती लावा असं ह्यांनी सांगितलं होतं, पण लावणारा हात तुमचा होता. मी आतून दाराला पाठ लावून बसायचे आणि रस्त्यावरून जाणाऱ्या बायांचं बोलणं ऐकायचे. बाजारात मेथी काय भावानं आहे ते मला असं दारातून कळायचं.

तुम्ही जातीचे तांबट. घागरी आणि बंब घडवण्यात तुमचा जन्म गेला, आणि स्टीलनं ते काम खाल्लं. मग नव्वद सालानंतर शिर्डीत लॉजवर लॉज उठायला लागले आणि तुम्हाला नवं काम मिळालं. थंड पाण्याचे पाइप प्लास्टिकचे, गीझरपाशी मात्र तांबं, आणि ती दोन्ही जोडणारा माणूस कुणाला सापडत नव्हता. ते तुम्हाला साधलं. पण तुमचा उजवा हात थरथरायला लागला होता. एके दिवशी परसात तुमच्या हातातून ब्लो लॅम्प पडला. मी भांडी घासत होते. उठून तो उचलला आणि तुम्हाला परत द्यायला गेले, तर तुम्ही घेतला नाहीत. म्हणालात, "धर तसाच. ह्या नळीवर धर."

तुम्ही मोजकंच बोलायचात, पण ते अजून कानात आहे. "आदी घास. तांबं नव्या पैशावानी चकाकलं पायजे, न्हाईतर कथील आत जात न्हाई, नुसतं वरून बसतं." मग नळीच्या टोकावर आट्यांचं पितळी तोंड बसवायचं, तापवायचं, कथलाची तार टेकवायची, आणि ते वितळून सांध्यात आपोआप ओढलं जायचं. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी मोठ्यानं हसले होते, त्या घरात बहुतेक पहिल्यांदाच. पूर्ण गार झाल्यावर त्या पितळेत प्लास्टिकचे आटे फिरवायचे, हातानं बसतील तेवढे, आणि वर पान्यानं अर्धा फेरा. एकदा मी घाई केली आणि प्लास्टिक आधी बसवून मग तापवायला लागले, तेव्हा तुम्ही माझ्या मनगटावर फटका मारलात. "आदी आग, मग प्लास्टिक! उलटं केलं तर समदं वितळून जाईल." घासायचं, तापवायचं, जोडायचं सगळं माझ्याकडे आलं. तुम्ही तुकडा बादलीत बुडवून दुसऱ्या टोकानं फुंकायचात, बुडबुडा आला नाही की पिशवीत टाकायचात, आणि कडी लावून एसटी पकडायचात. माझे सांधे शिर्डीला जायचे आणि मी दाराला पाठ लावून बसायचे.

मग तो दिवस आला. एका लॉजमध्ये भिंतीतलं तांबं आखूड पडलं होतं, जागेवरच सांधा करावा लागणार होता, आणि ते तुमच्या हातानं होणारं नव्हतं. तुम्ही ह्यांना सांगितलंत, "सुनंला दर्शनाला नेतो." मी नवी साडी नेसले. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या न्हाणीघरात मी गुडघ्यावर बसले आहे, पदर खोचलेला आहे, ज्योत निळी आहे, आणि खिडकीतून खाली फुलांचे ढीग आणि माणसंच माणसं दिसताहेत. मला वाटलं, हेच करत इथं आयुष्य गेलं तरी चालेल. सांधा झाला, गार झाला, प्लास्टिक बसलं, पाणी सोडलं, थेंब नाही. तेवढ्यात मॅनेजर आला. माझ्या हातात अजून ब्लो लॅम्प होता.

"ही कोण?"

"सून हाय," तुम्ही म्हणालात. "पानी द्यायला आलीय." आणि माझ्या हातातून तो काढून घेतलात.

मॅनेजर सांध्यावरून बोट फिरवून म्हणाला, "म्हातारबा, हात आहे तुमचा!" तुम्ही मान खाली घातलीत, पण नाही म्हणाला नाहीत. येताना तुम्ही मला पेढे आणि हिरव्या बांगड्या घेऊन दिल्यात. घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "झालं दर्शन?" मी हो म्हणाले. देऊळ मी लांबूनच पाहिलं होतं.

पुढच्या आठवड्यात तुम्ही त्याच लॉजसाठी आठ तुकडे करायला दिलेत. त्यातला एक मी घासला नाही. विसरले नाही, मामंजी. पॉलिश पेपर हातात होता, तो खाली ठेवला आणि नळी तशीच तापवली. कथील वरून छान गोल बसलं. तुम्ही फुंकलंत, बुडबुडा आला नाही. गरम पाणी सुरू झाल्यावर चार दिवसांनी तो सांधा सुटला, खालच्या खोलीचं छत भिजलं, आणि मॅनेजरनं चार लोकांत तुम्हाला नाही नाही ते सुनावून कामावरून काढलं. तुम्ही तो तुकडा घेऊन घरी आलात. परसात माझ्यासमोर बसलात आणि काळ्या नळीवरून अंगठा फिरवत राहिलात.

"घासायचा ऱ्हायला," तुम्ही म्हणालात. मग तुकडा खाली ठेवून, "माज्याच्यानंच ऱ्हायला आसंल."

घासायचं काम कधीच तुमचं नव्हतं. ते तुम्हाला ठाऊक होतं, मलाही. मी म्हणाले, "असेल."

त्यानंतर तुम्हाला कुणी बोलावलं नाही. तुम्ही कायमचे घरी, त्यामुळे कडीही लागेना. पण हत्यारं ह्यांनी मोडीत दिली आणि परसात मला करण्यासारखं काही उरलं नाही. लोटलेल्या दारामागे आपण दोघं समोरासमोर बसायचो. दीड वर्षानं तुम्ही गेलात. तेवढ्या दिवसांत मला बोलता आलं असतं. रोज चहा देताना वाटायचं, आणि मी कप ठेवून आत जायचे.

तुमची नात आता नगरला नोकरी करते. शिर्डीची गोष्ट मी तिला अनेकदा सांगितली आहे. सांगताना नेहमी 'पानी द्यायला आलीय' इथं थांबते, पुढचा आठवडा सांगत नाही. तिला फार राग येतो. गेल्या रविवारी भाजी निवडताना ती म्हणाली, "आजोबा वाईटच होते ना गं, आई?"

मी म्हणाले, "जुनी माणसं ती."