जमिनीच्या फटी अन् समीक्षाचं रांगणं

अमडापूर, सोमवार

दादा, तुले अन् वहिनीले माहा अन् समीक्षाचा जयभीम. तुही सर्दी गेली का? आमच्याकडं सारे धडधाकट हायेत, एक मी सोडून. अन् त्याले कारण तू हायेस. (फोनवर इचारलं त सारं घर कान देते, म्हणून पत्र.)

मांगच्या खेपेले तू जेवता जेवता तुह्या फिजिक्सचं सांगतलं का ही जागा, ज्याच्यात सारं जग हाय ते, सलग नसन, लय बारीक दाण्याची असन. मी इचारलं, दाणे ठेवले कशात? तर तू म्हणे, कशातच नाई. कोणता दाणा कोणाले जोडेल हाय, त्या जोडण्यातूनच जागा होते. वेळ बी तशीच. (अन् पक्कं अजून कोणालेच माहीत नाई, हे तू हात धुतल्यावर सांगतलं.) तू गेला पुण्याले. इकडं आठ महिन्याची समीक्षा रांगाच्या बेतात, अन् मले जिकडं तिकडं फटीच दिसाले लागल्या. दवाखान्यातल्या काचेच्या पेटीतून वापस आणेल लेकरू हाय ते. फटीत गेलं त मी काय धरून वढू?

म्हणून मी जमीन सारवाले घेतली. सकाळी, दुपारी, दिवे लागाच्या आंधी. सासूबाई (त्याईचं तोंड तुले माहीत हाय) म्हणे, "सारवून राह्यली का लग्न काढून राह्यली?" शेजारच्या नूरबीनं त खरंच इचारलं का पाहुणे कोणत्या गावचे. आमच्या घरच्याईनं शेण आणाले साफ नाई म्हटलं. अन् जमीन सदा वली, म्हणून पोरगी सदा कडेवर. नर्सबाई म्हणे, खाली ठेवसान तवाच रांगन.

भेव लागते, पण सोचणं बी थांबत नाई. आमची वस्ती पाह्य. नूरबीच्या बाजूले आमी, आमच्या बाजूले कचरूभाऊ. सारे उठून गेले त वस्ती म्हणून काय उरन? वावर उरन. पण तुह्या दाण्याखाली त वावर बी नाई. मंग दाण्याले कसं समजते का आपला शेजारी कोण? हे मले खरंच सांग.

अन् समीक्षाले खाली कधी ठेवू? तू म्हणशीन तवाच ठेवीन.

तुही बहीण,
महामाया

ता.क. पत्र टाकाचं दोन दिस राह्यलं. काल मी नळावर होती, तवा सासूबाईनं तिले खाली ठेवलं. पोरगी वल्या सारवणावरून सरसर उंबऱ्यापर्यंत गेली. हाताचे ठसे उमटले हायेत. त्याच्यावरून मी सारवलं नाई.

आखीन एक. उंबऱ्याच्या बाहेर नाली हाय. दाण्याचं सावकाश सांग, येताना पह्यले दाराले लावाचं फाटक आण.