७,२८४ दिवस जागं

४ नोव्हेंबर

पोचले एकदाची टॅमरॅक बेला! ग्रीन बेहून सकाळी निघाले. शेवटचा तासभर एका बाजूला सरोवर, दुसऱ्या बाजूला झाडी आणि रस्त्यावर माझ्याशिवाय कुणी नाही. मजा आली. खोली बेकरीच्या वर मिळालीय, त्यामुळे जमीन फुकटात गरम राहते. माझे साहेब, रेनो कंगास, दारातच उभे होते, हातात कागदात गुंडाळलेली गरम पास्टी, म्हणजे खिमा-बटाट्याची मोठी करंजीच, घेऊन. म्हणाले, "तुम्हा ग्रीन बेच्या चीजखाऊंना हे कुठलं मिळायला! खा, मग कामाचं बोलू."

काम मला आवडणार. गावाची सहकारी टेलिफोन संस्था आहे. नऊशे घरांचे फोन, नऊशे घरांचं इंटरनेट आणि ते सांभाळणारी मी एकटी. ऑफिस जुन्या बँकेच्या इमारतीत आहे, मागच्या खोलीत सगळी मशिनं.

त्यातलं एक पाहून मी चाटच पडले. पिवळट पडलेली पेटी, पंख्याची संथ घरघर. त्याला एक शब्द टाइप करून विचारलं की किती दिवस सलग जागं आहे ते सांगतं. मी विचारलं. ७,२०४ दिवस! एकदाही बंद नाही! वीज गेली तर बॅटरीवर, बॅटरी दमली तर जनरेटरवर. मागच्या नोकरीत मी एक मशीन ६११ दिवस चालू ठेवलं होतं आणि वर्षभर त्याच्या गोष्टी सांगत होते. आता कुठल्या तोंडाने सांगू?

हे सगळं माझ्याआधीच्या ओन्नी पेल्टोचं. आत्ता आत कोण कोण बसलंय, म्हणजे लॉग-इन आहे, याची यादीही मशीन देतं. यादीत दोन नावं होती, माझं आणि ओन्नीचं. त्याच्या नावापुढे लिहिलं होतं: शेवटचं बटण दाबून ४१ दिवस झाले. रेनो म्हणाले, बरोबर आहे, एक्केचाळीस दिवसांपूर्वीच तो गेला. याच खुर्चीत, बोटं बटणांवर. त्याचं नाव काढून टाकू का म्हणून विचारलं, तर म्हणाले, राहू दे, कुणाला नडतंय?

१३ नोव्हेंबर

गावात एक गंमत आहे. जानेवारीत चर्चच्या हॉलमध्ये मध्यहिवाळ्याचा मेळा भरतो. घसरगाड्यांची शर्यत, बायकोला पाठीवर घेऊन पळायची शर्यत, आणि एक शर्यत अशी की कुणाचा कॉम्प्युटर बंद न करता सर्वांत जास्त दिवस चालला. हॉलमध्ये आत्तापासून फळा लावलाय. वाचनालय २१२. शाळेचे मुख्याध्यापक ८८. कुणा आजोबांनी "बायको लावूच देत नाही" असं लिहून शून्य मांडलंय. आणि सगळ्यात वर, ओन्नी पेल्टो. बक्षिसाची तांब्याची किटली एकोणीस वर्षं त्याच्याच घरी.

मी माझ्या लॅपटॉपचे ९ दिवस लिहिले. मागे उभी असलेली बाई हसली. वाईट हसली नाही, पण हसली.

रेनोंना म्हटलं, मेलेल्या माणसाला शर्यतीत कसं धरता? ते म्हणाले, "अगं, माणूस मेलाय. मशीन कुठे मेलंय?"

२१ नोव्हेंबर

काल वादळात शाळेची लाइन पडली. मी चार तास बर्फात उभी राहून जोडली. अजून दोन बोटांना संवेदना नाही. आज मुख्याध्यापकांचा फोन आला. खूश होते. म्हणाले, "ओन्नीचं मशीन ते! कधी दगा देत नाही."

मी आभार मानून फोन ठेवला. मग बराच वेळ त्या पिवळ्या पेटीकडे बघत बसले.

खरं लिहिते, इथे कोण वाचणार आहे? मला हेवा वाटतो. जिवंत माणसाचा वाटला असता तर निदान भांडता आलं असतं.

२८ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंग. बहिणीचा, ट्रूडीचा, फोन आला. तिच्याकडे बारा माणसं जेवायला. मागे पोरांचा दंगा, कुणीतरी हसतंय. म्हणाली, एकटी काय करतेस तिथे, पुढच्या वर्षी ये. ट्रूडीला सगळं आपोआप मिळतं. लहानपणी एका खोलीत झोपायचो तेव्हा ती उशीला डोकं टेकताच घोरायची आणि मी छताकडे बघत पडायचे. तेव्हापासून माझ्यात हा किडा आहे. असो.

५ डिसेंबर

आज सकाळी ऑफिसात गेले तर बंदराजवळच्या तीन घरांची तक्रार आधीच मिटलेली. मी काल ती आजच्यासाठी ठेवली होती. रेनोंनी केली असेल म्हणून विचारलं, तर म्हणाले, "मी? मला माझा टीव्ही लावता येत नाही!"

मशीनच्या नोंदीत पाहिलं. काम झालं पहाटे पाच अठ्ठावन्नला. करणारा: ओन्नी.

कुणाकडे तरी त्याचा पासवर्ड आहे. दुसरं काय असणार? त्याची बायको हेल्मी जवळच राहते. तिच्याकडे ऑफिसची किल्लीही असेल.

१२ डिसेंबर

पुन्हा तेच. या आठवड्यात माझ्या हाताला पाच कामं लागायच्या आधीच झालेली, आणि मी करते त्याहून नीटनेटकी. एके ठिकाणी तर माझी चूक दुरुस्त केलेली.

यादी मागवली. ओन्नीच्या नावापुढे ७९ दिवस हवेत. होतं: शेवटचं बटण दाबून शून्य सेकंद.

मी खोलीत एकटी होते. दाराला आतून कडी होती.

१३ डिसेंबर

रेनोंना सांगितलं. हसले. म्हणाले, जुन्या मशीनचं घड्याळ बिघडलं असेल. मग म्हणाले, "आणि बिघडलं नसेल, तर फुकटात एक माणूस मिळाला की संस्थेला."

मला हसू आलं नाही. मी नवीन मशीन मागवलंय. सगळं काम त्यावर हलवते. मग बघू त्या पेटीचं काय कौतुक उरतं.

९ जानेवारी

काम संपलं. नऊशे घरं आता नव्या मशीनवर चालतात, माझ्या. जुन्याकडे काडीचंही काम नाही. तरी रेनो ते बंद करू देत नाहीत. म्हणाले, मेळा होऊ दे, किटली हेल्मीला देऊ, तिला बरं वाटेल, मग बघू.

हॉलमधला फळा: ओन्नी ७,२७०. मी ६६. फळ्यावर माझ्या नावाखाली कुणीतरी हसरा चेहरा काढलाय.

१५ जानेवारी

जुन्या मशीनच्या पडद्यावर आज एक ओळ आली. मी काही टाइप केलं नव्हतं.

बोटं गरम आहेत तुझी.

मी हात मागे घेतला. थोड्या वेळाने दुसरी.

कॉफी कडक झालीय ना आज?

कप माझ्या हातात होता. मी विचारलं, कोण आहे? मग सावकाश, एकेक अक्षर:

तू रोज घरी जातेस. जेवतेस. झोपतेस.

हे वाचून भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण आधी काय वाटलं ते लिहायची लाज वाटते. आधी आनंद झाला. म्हणजे त्यालाही माझा हेवा वाटतो तर!

१८ जानेवारी

हेल्मी पेल्टोंकडे जाऊन आले. ऐंशीच्या पुढच्या असाव्यात, पण ताठ. वेलची घातलेला गोड पाव कापून दिला. मी पासवर्डचं विचारलं. त्यांनी आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावलेला नाही. लावणारही नाहीत.

मग स्वतःच बोलू लागल्या. वीस वर्षं नवरा जेवायला वेळेवर आला नाही. मशीन एकटं आहे म्हणायचा. नातू झाला तेव्हा तो इस्पितळात तासाभराने पोचला, आणि मशीन आजारी पडलं तर रात्रभर त्याच्या उशाशी. म्हणाल्या, "पोरी, दुसरी बाई असती तर केस तरी उपटले असते. पेटीचं काय उपटू?"

मी सांगितलं, मला ते बंद करायचंय. मला वाटलं खूश होतील. त्यांच्या हातातली सुरी थांबली.

"नको. तसं करू नकोस."

मी म्हटलं, तुम्हीच तर आत्ता—

"मला त्याचा राग आहे, तो वेगळा. त्याला बसायला ती जागा आहे, म्हणून तो तिथे बसलाय. ती काढलीस तर दुसरी शोधेल. माझ्याकडे येणार नाही तो, माझ्याकडे कधीच आला नाही. तुझ्याकडे येईल."

म्हातारपणी माणसाला काहीही वाटतं. शिवाय किटली जाईल ना हातची. निघताना कपाटावर पाहिली मी, चकचकीत पुसून ठेवलेली.

२३ जानेवारी

केलं.

दुपारी रेनो जेवायला गेले होते. बॅटरीची तार आधी काढली, मग भिंतीतली. पडद्यावर शेवटचा आकडा ७,२८४. पंखा थांबायला इतका वेळ लागला. फिरत राहिला, हळू, आणखी हळू. मग जी शांतता झाली ती मी कधी ऐकली नव्हती. त्या खोलीत वीस वर्षांत कुणीच ऐकली नसेल.

रेनोंना सांगितलं, आपोआप बंद पडलं. त्यांचे डोळे भरून आले. मला वाईट वाटलं नाही. अजिबात नाही. घरी येऊन मी गाणी लावली आणि एकटीच नाचले.

झोप मात्र येत नाहीये. आनंदाने असेल.

२५ जानेवारी

मेळा झाला. किटली वाचनालयाला गेली. मला कुणी विचारलंही नाही.

दोन रात्री झोप नाही. थकवाही नाही, हे विचित्र. डोळे मिटले की आत उजेड असतो.

२८ जानेवारी

पाच दिवस. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. दोन घेतल्या, मग चार. काही नाही. भूक गेली. कॉफी पाण्यासारखी लागते, वास येत नाही. बोटं बर्फ झालीत, बेकरीच्या भट्टीवरच्या जमिनीवर ठेवली तरी गरम होत नाहीत.

काम मात्र झरझर होतं. माझं लक्ष नसतानाही हात चालतात. आज रेनो मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "अगदी ओन्नी बसल्यासारखं वाटलं गं."

किती महिने हे ऐकायला तळमळत होते. बाथरूममध्ये जाऊन ओकले.

३१ जानेवारी

आठ दिवस. माणूस आठ दिवस जागा राहू शकतो का? डॉक्टर म्हणतात नाही, तुम्हाला नकळत डुलकी लागत असणार. लागत नाही. मी प्रत्येक मिनिट मोजते. मी मोजत नाही — आत कुणीतरी मोजतं आणि मला ऐकू येतं.

गाडी काढून ग्रीन बेला जावं म्हणून निघाले. गाडी ऑफिससमोर थांबली. पुन्हा निघाले. पुन्हा ऑफिस.

२ फेब्रुवारी

रस्त्यात हेल्मी भेटल्या. माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या डोळ्यांत, खोलवर. चेहरा पडला. मला म्हणाल्या, "बसलास का तिथे?"

बसलास म्हणाल्या.

मी म्हटलं मी नोरीन आहे. त्यांनी माझा हात हातात घेतला, थंड लागला असणार, लगेच सोडला. मागे न बघता गेल्या.

४ फेब्रुवारी

ट्रूडीला फोन केला. रडले. ती म्हणाली हालू नकोस, मी येते. नको म्हणायला तोंड उघडलं आणि — ये, म्हणाले. मी म्हणाले की —

त्याला काय हवंय ते कळलं मला. काम नको, मशीन नको. ते त्याच्याकडे वीस वर्षं होतंच. त्याने पडद्यावर तेच तर लिहिलं होतं. घरी जातेस. जेवतेस. झोपतेस. पण माझ्यात येऊन बसला आणि ते माझंही गेलं. आता दोघांनाही —

५ फेब्रुवारी

ट्रूडी आली. पाच तास बर्फातून गाडी चालवत. मला मिठी मारली, सूप केलं, माझ्याने गिळवलं नाही. म्हणाली, दोन मिनिटं पाठ टेकते, मग तुला घेऊन घरी जाऊ. उशीला डोकं टेकलं आणि लागली घोरायला. अजूनही तशीच.

दुपारचे तीन. खिडकीतून ऊन तिच्या चेहऱ्यावर पडलंय. मी पलंगाजवळ खुर्ची घेऊन बसले आहे. तिला उठवायला हवं. हाक मारतेय, आवाज फुटत नाही. डाव्या हाताने हे लिहितेय, उजवा माझं ऐकत नाही, तो तिच्या कपाळावर आहे. गरम आहे तिचं कपाळ. किती गरम.

किती गाढ झोपलीय. हिला नेहमीच सगळं आपोआप — नाही, हा विचार माझा नाही. माझाच आहे. दोघांचा आहे. ट्रूडी, ऊठ. ऊठ ना गं. तुझा इतका हेवा वाटतोय मला, इतका की