मधुदंत मंजनाचे बारा आठवडे

३ जानेवारी १९८३, सोमवार. सकाळी ७
आजपासून बारा आठवडे बिनपगारी रजा. अर्जात कारण लिहिलं: दातांचा विकार. खोटं नाही. विकार दातांचाच, फक्त लोकांच्या.

आजोबांच्या वहीतलं मंजन. लवंग, मिरी, तुरटी, अक्कलकाढा. नाव ठरलं: मधुदंत. मधुकर या माझ्या नावावरून. मीनाने बायकोच्या हक्काने विचारलं, मी स्वतः लावणार का. हलवाई कधी पेढे खातो का? मला आपली ट्यूबची पेस्टच बरी.

९ जानेवारी, रविवार
वाशीतल्या आपल्या सेक्टरच्या नवउद्योजक सहाय्य मंडळाचा सभासद झालो. अध्यक्ष मालतीबाई, रिटायर्ड हेडमिस्ट्रेस. नियम एकच: सभासदाने सभासदाचा माल घ्यायचा. त्या म्हणाल्या की पहिला डबा ओळखीवर जातो, दुसरा डबा मागायला कोण आलं ते मला येऊन सांगा. बाईंना बिझनेसमधलं काय कळणार? तरी मान डोलावली. हेडमिस्ट्रेससमोर ती आपोआप डोलते.

नियमाप्रमाणे जुहूगावच्या दुर्गाबाईंचा मसाला घेतला. देवजीच्या दोन छत्र्या घेतल्या. (जानेवारीत स्वस्त पडतात.)

१४ जानेवारी, शुक्रवार. संक्रांत
मालतीबाईंनी कमाल केली! मंडळाच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून मधुदंत लुटलं. चाळीस बायका, चाळीस डबे. म्हणजे चाळीस घरं. घरी चार माणसं धरली तर एकशेसाठ तोंडं. वाशी घेतली. आता बेलापूर.

१९ जानेवारी, बुधवार
मीना तीन घरी हळदीकुंकवाला जाऊन आली. तीन वाणं. तिन्ही मधुदंत. मीनाने डबे ओट्यावर ओळीने मांडले. मी समजावलं की लोक स्वतःहून प्रचार करताहेत, याला जाहिरातीत फार मान असतो.

रात्री आणखी एक आला. सील तसंच.

६ फेब्रुवारी, रविवार
दुर्गाबाई आल्या. त्यांच्या मसाल्याला आता तुर्भ्याहून माणसं येतात, मंडळाने दुकानदार गाठून दिला. हेवा नाही. मसाला कुणीही विकेल. भाऊ, माज्या मसाल्यापरीस तुजा मंजन तिखट हाय, जरा कमी कर, असं म्हणाल्या. दात किती घासले असतील त्यांनी आयुष्यात? फॉर्म्युला बदलणार नाही.

मालतीबाईंनी मलाही तोच दुकानदार गाठून दिला. डबा गल्ल्यावर ठेवलाय. आज बघितलं तर खाली बिलं दाबलेली. डिस्प्ले चांगला आहे.

२० फेब्रुवारी, रविवार
उरणजवळ मोरा बंदराच्या धक्क्यावर डेमॉन्स्ट्रेशन. लाँचची वाट बघणारे लोक, म्हणजे बांधलेलं गिऱ्हाईक. एकाने हौसेने लावलं. मग धक्क्यावरून वाकून समुद्राच्या पाण्याने चूळ भरायला लागला. खारट पाणी त्याला गोड लागलं असं तो म्हणाला. बाकीचे लाँचमध्ये चढले. त्यांची लाँच यायला अवकाश होता, ही उरणच्या कुणाची तरी खाजगी होती, तरी चढले.

 

७ मार्च, सोमवार
निर्णय! एक पाय ऑफिसात ठेवून उद्योग होत नाही, म्हणूनच खप थांबलाय. राजीनामा लिहिला. शेजारचे दिनानाथ आमच्याच ऑफिसात, त्यांच्याच हाती साहेबांकडे पाठवला. दिनानाथांनी पाकीट उलटंसुलटं करून बघितलं. नक्की ना, म्हणाले. मी हसलो.

मीनाला सांगितलं. ती म्हणाली की ही राहती जागा ऑफिसची आहे. हे माझ्या लक्षात होतं. पूर्ण नव्हतं.

१५ मार्च, मंगळवार
दिनानाथ म्हणतात साहेब टूरवर. बरं आहे, सावकाश येऊ देत.

मीनाने खिडकीला नवे पडदे शिवायला घेतले होते. अर्धे शिवून घडी घालून ठेवलेत. विचारलं तर म्हणाली, पुढच्या घराची खिडकी किती रुंद असेल कोण जाणे.

२२ मार्च, मंगळवार
भीती वाटते. (हे वाक्य उद्या खोडायचं.)

दोन महिन्यांत अनोळखी माणसाने दुसरा डबा मागितला नाही. एकानेही नाही. चाळीसपैकी एकतीस डबे घरी परत आलेत. रॉकेलच्या स्टोव्हशेजारी ढीग बघवत नाही. आई गं, मी काय करून बसलो!

२४ मार्च, गुरुवार
परवाचं वाक्य खोडलं नाही.

दिनानाथांना जिन्यात गाठलं. पाकीट परत मिळेल का, सहज विचारलं. अगदी सहज. त्यांचा हात धरला होता तेवढंच. ते म्हणाले, आता ते माझ्याकडे राहिलेलं नाही. मग घाईने वर गेले. संपलं.

२५ मार्च, शुक्रवार
मंडळाचा वार्षिक समारंभ रविवारी. मालतीबाईंनी निरोप पाठवलाय की सत्कार आहे, नक्की या. म्हणजे उत्कृष्ट उद्योजक! उगीच घाबरलो. भाषण तयार. मीनाला नऊवारी काढायला सांगितली. तिने काढली नाही.

२७ मार्च, रविवार
उत्कृष्ट उद्योजक: दुर्गाबाई. टाळ्या.

उत्कृष्ट ग्राहक: श्री. मधुकर. प्रत्येक सभासदाचा माल घेणारा एकमेव सभासद. टाळ्या जास्त. देवजी तर उभा राहिला.

बक्षीस रंगीत कागदात. घरी उघडलं. मधुदंतचा डबा. बत्तिसावा. त्याखाली पाकीट. माझा राजीनामा, चिकटवलेला तसाच. सोबत मालतीबाईंची चिठ्ठी. ऑफिसातला कुणी सभासद राजीनामा देतो तेव्हा दिनानाथ तो साहेबांकडे नेत नाहीत, बाईंकडे आणून देतात. अनोळखी माणूस दुसरा डबा मागेपर्यंत तो बाईंच्या कपाटात राहतो. आजवर नऊ आले, दोनच पुढे गेले. शेवटी लिहिलंय: रजा आज संपते, उद्या वेळेवर जा, फॉर्म्युला बदलून पुढच्या वर्षी या.

मीना पडदे घेऊन बसली आणि रडत रडत शिवायला लागली. मीही रडलो. मंजनाच्या वासाने.

२८ मार्च, सोमवार. सकाळी ६
ऑफिस. साहेब विचारणार, दात कसे आहेत. खोटं कशाला बोलायचं, म्हणून निघण्याआधी मधुदंत लावलं. पहिल्यांदाच.

जीभ गेली. डोळ्यांतून पाणी. मीनाने तांब्यावर तांब्या दिला.

फारच तिखट आहे. कुणीतरी सांगायला हवं होतं.