वेशीचे धुतलेले दगड

किल्ला वॉर्ड,
रविवार, ७ सप्टेंबर २०२५

हरिदासभाऊ,

नमस्कार. वहिनीला नमस्कार सांग, पोरांना आशीर्वाद. आम्ही बरे आहोत, म्हणजे जेवतोखातो. धान यंदा चांगलं आहे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्रूभाऊच्या हाती पाठवते. तो उद्या सकाळच्या बसने गडचांदूरला येतो आहे.

आपल्या वेशीची बातमी तुझ्यापर्यंत पोचली असेलच, तरी माझ्याकडून ऐक. गोंडराजाच्या काळची ती कमान उन्हाळ्यात नगरपंचायतीने दुरुस्तीसाठी उतरवली. एकेक दगड काढून बाजूच्या टिनाच्या शेडखाली मांडला आणि प्रत्येकावर चुन्याने आकडा लिहिला, म्हणजे पुन्हा त्याच जागी बसवता येईल. जुन्या दगडाला ऑइलपेंट लावायचा नाही, असा नियम आहे म्हणे. नियम चांगलाच आहे. पण ते आकडे कशासाठी आहेत, हे गावात एका माणसाला तरी सांगावं की नाही? पाटी लावली ती कामाच्या उद्घाटनाची. फोटोही काढले. त्यात पाहुण्यांचे हार दिसतात, वेस दिसत नाही.

मग पोळा आला. बैल वेशीखालून जातात, म्हणून आदल्या दिवशी वेस धुवायची, हे काय मी तुला सांगायला हवं? घराघराचा दगड ठरलेला. सासूने सुनेला दाखवायचा, सुनेने धुवायचा. वेस उभी नव्हती म्हणून काय बैल पारोशा दगडांजवळून न्यायचे? बायका शेडमध्ये गेल्या आणि काथ्याने घासघासून दगड लख्ख केले. वरचे दगड पहिल्यांदाच हाताला आले होते, तेही सोडले नाहीत. एक आकडा राहिला नाही.

इंजिनीअर आला आणि भर चौकात ओरडला, "अक्कल गहाण ठेवली का तुम्ही बायांनी?" सगळ्यात पुढे आई उभी होती. हो, आपली आई. तीच बायकांना घेऊन गेली होती. तुला लिहू नको म्हणाली होती, तरी लिहिते.

"मले वाटलं पोट्ट्याईनं चुना फासला," ती म्हणाली. "दरसालसारखे धुतले गा. कोनी सांगतलं काऊन नाई?"

तो तसाच गाडीत बसून निघून गेला. पण मान खाली गेली ती आईची. नळावर बायका बोलताना दिसल्या की ती रिकामी घागर घेऊन परत येते. चूक साहेबांची आणि शरम सत्तरी ओलांडलेल्या बाईने वाहायची? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो.

आता ठराव झाला आहे. दगड जुळत नाहीत, म्हणून सिमेंटची कमान, तिच्यावर फायबरचे दोन सिंह. जुने दगड नाल्याच्या काठाला, पिचिंगमध्ये गाडायला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! गुरुवारी जेसीबी येणार आहे.

पण दगड जुळतात, भाऊ! परवा मी आईचा हात धरून तिला शेडमध्ये नेलं. आपल्या घराचा दगड तिने लगेच ओळखला. "हा आपला. याच्या बाजूचा आशाबाईचा. बोलाव तिले." आशाबाई आली, तिच्या मागे सगळा वॉर्ड आला. दिवेलागणीपर्यंत दोन्ही बाजूंचे खांब जमिनीवर आडवे मांडून झाले. अडलं ते वरच्या कमानीपाशी. तिथवर कोणाचाच हात कधी पोचला नव्हता. तिथवर चढायचास तू. लग्न होईपर्यंत दरसाल पोळ्याचं तोरण तूच बांधलंस, आणि खाली शिडी धरून आई. दोर कोणत्या दगडाच्या खाचेत अडकायचा, त्याच्या शेजारी कोणता होता, हे तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक असणार?

आई म्हणाली, "हरिदास आला तं होऊन जाते."

इथवर लिहून मी पेन खाली ठेवलं होतं. पण लिहितेच. सिमेंटच्या कमानीचं काम कोणाला मिळालं, ते मला नगरपंचायतीतल्या इतवारीने सांगितलं. तू फोन का उचलत नाहीस, तेही मग कळलं. दगड जुळणार नाहीत, असं तूही लिहून दिलंस म्हणे. न येता, न बघता! ज्या इंजिनीअरने आईला चारचौघांत बोल लावला, त्याच्याच शेजारी बसून सही करताना तुला ती आठवली नाही?

आईला मी एवढंच सांगितलं आहे की कंत्राटदार बाहेरचा आहे. ती रोज त्याला शिव्या घालते, आणि तुझी वाट बघते.

बुधवारी कामाचा फलक लागेल. त्यावर कंत्राटदाराचं नाव असतं. आईला वाचता येतं.

त्याच्या आधी ये.

अजूनही तुझीच बहीण,
रीता