अप्पांच्या गाडीचं डावं दार

दि. ६ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

परवा फोन मध्येच बंद केलास. मीही करणारच होते, तू आधी केलास एवढंच. अप्पा म्हणाले, तुम्ही दोघं पत्रं लिहीत जा, कागदावर तरी एकमेकांचं बोलणं तोडता येत नाही. म्हणून हे पत्र.

तर अप्पांच्या गाडीला ओरखडा गेला. फाटकातून बाहेर काढताना त्यांनी स्वतःच डावं दार कडीला घासलं. हाताएवढी रेघ, आणि तीही काळ्या रंगावर, म्हणजे रस्त्याच्या पलीकडून दिसणार. नख फिरवून पाहिलं. किंचित अडकतं, पण रेघ रंगापर्यंत उतरलेली नाही, वरच्या पारदर्शक थरातच आहे. माझं अर्ध्या दिवसाचं काम. मी पॉलिशचं मशीन हातात घेतलंसुद्धा होतं, तेवढ्यात अप्पा म्हणाले, थांब, आधी धाकट्याला विचार कुठलं पॉलिश आणि कुठलं पॅड वापरायचं ते.

तू शहरात गाड्यांच्या पॉलिशचं दुकान थाटायला गेलास तेव्हापासून हे वर्कशॉप मी चालवते आहे. माझ्या हातून गेलेल्या गाडीत लोक भांग पाडून घेतात. पण पिकतं तिथे विकत नाही, हेच खरं. तुझा राग आला नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू? तुझाच आला. अप्पांनी एकदा, फक्त एकदा, माझ्या कामाकडे बघून दुसऱ्या कोणाला न विचारता छान झालंय म्हणावं, एवढीच माझी इच्छा आहे. आणि ते याच दारावर म्हणावं.

असो. विचार म्हणाले म्हणून विचारते. इथल्या बाजारातली पॅडं तापली की मागचा चिकटपट्टा सुटतो, आणि ओरखडे घासून काढायच्या कंपाउंडच्या बाटल्या दुकानात उभ्या राहून तळाशी दगड झालेल्या असतात. तुझ्याकडे सगळं ताजं मिळतं म्हणे. मध्यम कापणारं कंपाउंड, शेवटच्या हाताचं पॉलिश, लोकरीचं एक पॅड आणि फोमची दोन, एक कडक, एक मऊ, असं पाठव.

लोभ असावा; तो नसेल तर निदान पार्सल वेळेवर असावं.
तुझी
ताई


दि. १२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र म्हणजे पत्र कमी आणि फिर्याद जास्त. पण ओरखड्याचं वर्णन तू असं केलंस की इथे बसून दार दिसलं.

लोकरीचं पॅड पाठवत नाही. लोकर थर खाते, आणि ती गाडी आता तरुण नाही. आधी सगळ्यात सौम्य पॉलिश आणि मऊ फोम घेऊन वीतभर जागेवर करून बघ. त्याने भागलं नाही तरच कडक फोम आणि कंपाउंड. एका पॅडवर एकच पॉलिश. आणि काळ्या रंगावर मशीन एका जागी रेंगाळू देऊ नकोस, उन्हात गोल गोल वर्तुळं दिसतात. हे तुला माहीत आहे, हे मलाही माहीत आहे. पण तू विचारलंस.

तुला वाटतं, अप्पांच्या डोळ्यांपुढे सतत मीच असतो. मी फोन करतो तेव्हा काय ऐकतो ते सांगू? थोरलीने आज बंपर उतरवला. थोरलीने त्या डॉक्टरांची पांढरी गाडी अशी केली की ते ओळखेनात. मी कसा आहे हे विचारायच्या आत त्यांचा चहा येतो, आणि तोही तूच केलेला. माझं दुकान बघायला ते एकदाच आले, मागची काम करायची जागा पाहिली, आणि एवढंच विचारलं की इथे उजेड कुठून येतो. त्यावर मी अजून विचार करतो आहे. तेव्हा जळायचा मक्ता तू एकटीने घेऊ नकोस, थोडा इकडेही राहू दे.

पार्सल आज निघालं. महिनाअखेर दोन दिवस येतो.

लोभ आहेच, तो कंपाउंडसारखा तळाशी बसू देऊ नये.
तुझा
धाकटा


दि. २० जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. (आज ते जरा मोजूनमापून देते आहे.)

पार्सल मिळालं. अप्पांसमोरच उघडलं, हे माझं दुर्दैव. खोक्यावर ठसठशीत अक्षरांत छापलं आहे, ‘नव्याने शिकणाऱ्यांसाठी संपूर्ण संच’. वर मशीन कसं धरावं याची चित्रं. अप्पा चष्मा लावून ती चित्रं बघत बसले, आणि म्हणाले, छान काढली आहेत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुझ्या दुकानात सुटी पॅडं मिळत नाहीत का? की ताईला एवढंच पुरे असं वाटलं?

तो संच मी फळीवर ठेवून दिला आहे, तसाच. दार मी माझ्या पद्धतीने केलं. माझं करडं कंपाउंड, माझं जुनं कडक पॅड, आणि शेवटी हाताने पॉलिश. ओरखडा गेला. नख फिरव, कुठे अडकत नाही. तुझे भाऊजी सहसा गाड्यांकडे बघत नाहीत, तेही थांबून बघून गेले.

मग अप्पांना बोलावलं. ते वाकून बघत राहिले, तिरपे होऊन बघितलं, दाराला कान लावायचा तेवढा बाकी ठेवला. आणि शेवटी काय म्हणाले? म्हणाले, धाकटा येतोच आहे, त्यालाही दाखवू.

त्या दिवशी मी जेवले नाही. हे तुला कळावं म्हणून लिहिते आहे, दुसरं कारण नाही.

ये तेव्हा ये. लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते.
ताई


दि. ५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोहोचलो. दोन दिवस फार छान गेले. तुझ्या हातचा चहा, वरच्या खोलीतली झोप, अप्पांच्या त्याच त्या गोष्टी, सगळं भरून पावलो. इथे आल्यापासून बायको म्हणते आहे की तुमचा आवाज ताईंसारखा झाला. ही स्तुती आहे असं मी धरलं.

खोक्याबद्दल माफ कर. तेवढाच संच शिल्लक होता आणि आतला माल पहिल्या प्रतीचा होता. बाहेरचं मी वाचलं नव्हतं.

दार सुरेख दिसतंय. अप्पाही शनिवारी सकाळी म्हणाले की आता उन्हातसुद्धा स्वच्छ दिसतं. मला फार बरं वाटलं. तुझ्यासाठी.

लोभ आहे तसाच राहावा.
तुझा
धाकटा


दि. ९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद नंतर देईन.

तुझं एवढं गोड पत्र वाचलं तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. तू आयुष्यात कधी माझ्या चहाची स्तुती केली नाहीस. मी खाली गेले आणि दाराच्या काचेखालची रबराची पट्टी उचलून पाहिली. आत पांढरी भुकटी. माझं कंपाउंड करडं आहे, धाकट्या. पांढरं फक्त त्या खोक्यात होतं, आणि ते खोकं फळीवर उलटं ठेवलेलं सापडलं.

म्हणजे शनिवारी मी बाजारात गेले तेव्हा तू माझं दार परत घासलंस. वर अप्पांना उन्हात नेऊन दाखवलंस. मी केलं तेव्हा ते म्हणाले, त्यालाही दाखवू. तू केलंस तेव्हा म्हणाले, स्वच्छ दिसतं. हे ऐकून मला काय झालं असेल ते तुला कळतं, कारण तूही त्याच पोटचा आहेस.

तुझ्या माहितीसाठी: खालच्या बाजूला तुझीही वर्तुळं होती. ती काल मी काढली. पूर्ण दार एकसारखं केलं. आता ते जसं आहे तसं माझं आहे.

आता घे आशीर्वाद.
ताई


दि. १५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हो, केलं मी. तुझी वर्तुळं मला दिसली, आणि अप्पांनी उन्हात दार बघून तुझ्याबद्दल काही म्हटलं असतं तर तेही मला नको होतं. आणि खरं सांगायचं तर आणखीही एक होतं. तुझ्याकडे अप्पा रोज सकाळी असतात. माझ्याकडे वर्षातून चार दिवस. त्या चार दिवसांत त्यांनी माझ्या हातचं काहीतरी बघावं असं मला वाटलं, तर एवढं काय बिघडलं?

पण तू परत घासलंस हे वाचून मात्र घाबरलो. ताई, मशीन फिरलं की तो पारदर्शक थर थोडा थोडा जातोच. तू एकदा, मी एकदा, परत तू. अति तेथे माती. दाराच्या मधून पत्र्याची जी उभार रेघ जाते ना, तिच्यावर तर रंग आधीच पातळ असतो. आता कृपा करून हात लावू नकोस. रविवारी मी थर मोजायचं यंत्र घेऊन येतो. फक्त मोजतो.

राग नसावा, लोभ असावा, आणि मशीन बंद असावं.
धाकटा


दि. २७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

फक्त मोजतो म्हणालास. मी चहा करायला वर गेले आणि खालून मशीनचा आवाज आला. एकच हलका हात मारला, म्हणालास. तू गेल्यावर मीही एकच हलका हात मारला. मऊ पॅडने. तुझा हात शेवटचा राहू नये, बाकी काही नाही.

त्या उभार रेघेवर आता बोटभर लांबीचा फिका डाग उमटला आहे. चमक गेली, काळा गेला, आणि खालचं राखाडी अस्तर दिसतं आहे. हा तुझ्या मशीनखाली झाला की माझ्या, यावर आपण दोघं मरेपर्यंत भांडू शकतो. मला आता त्याची हौस राहिलेली नाही.

अप्पांनी पाहिला. मला वाटलं ओरडतील. त्यांनी डागावरून अंगठा फिरवला, खुंटीवरची किल्ली घेतली, गाडीत बसले आणि रस्ता ओलांडून समोरच्या गॅरेजवाल्याकडे गेले. तोच समोरचा, ज्याला आपण दोघंही रंगारी म्हणून चिडवतो. गाडी चार दिवस तिथेच उभी आहे. अप्पाही दिवसभर तिथेच असतात. जेवायला येतात, जेवून परत जातात.

मला खिडकीतून दिसतं. मी खिडकी लावून घेते, आणि परत उघडते.

ताई


दि. ३ मार्च

चि. थोरली आणि चि. धाकटा,
दोघांस अ. उ. आ.

एकच पत्र दोघांना लिहितो आहे. एक प्रत थोरलीच्या टेबलावर ठेवली, दुसरी टपालात टाकली. तोंडाने सांगायला गेलो तर तुमच्यातलं कोणी ना कोणी मध्ये बोलतं.

दार समोरच्याने नव्याने रंगवलं आणि पॉलिश केलं. काम बरं झालं. तुमच्याहून चांगलं नाही. त्याचा हात जड आहे आणि पॅड धुवायचा त्याला कंटाळा. पण पॉलिश झाल्यावर त्याने मशीन खाली ठेवलं आणि तो चहा प्यायला बसला. तुमच्यातल्या कोणालाही गाडी दिली असती तर दुसऱ्याने ती परत घासली असती. दार संपलं, मग बॉनेट घेतलं असतंत.

थोरले, धाकट्याला विचार असं मी म्हणालो ते तुझा हात कच्चा म्हणून नव्हे. तुमचं बोलणं बंद होत चाललं होतं, म्हटलं ओरखड्याच्या निमित्ताने तरी होईल. ती माझी चूक झाली. तुमच्या कामाला मी तोंडावर चांगलं म्हणत नाही, कारण एकाला म्हटलं की दुसऱ्याचा चेहरा उतरतो, आणि तो मला बघवत नाही. हे तुम्ही लहान असल्यापासूनचं आहे.

आता मी दुपारी समोरच बसत जाईन. त्याने मला एक खुर्ची दिली आहे. तो मला काम दाखवतो, मी चांगलं असेल तर चांगलं म्हणतो, आणि कोणाचाही चेहरा उतरत नाही. या वयात एवढं सोपं काहीतरी मिळालं तर सोडवत नाही.

तब्येतीला जपा. एकमेकांना जपा असंही लिहिणार होतो, पण ते सांगून होत नसतं.
अप्पा


दि. ४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

अप्पांचं पत्र तुला उद्या-परवा मिळेल. मी ते सकाळपासून चारदा वाचलं.

दुपारी राहवेना म्हणून समोर गेले. निमित्त काढलं की सुटे पैसे हवेत. अप्पा खुर्चीवर बसले होते, पाय लांब करून. समोरच्याने कुणाच्या तरी लाल गाडीचं बॉनेट पुसलं आणि वळून विचारलं, कसं झालंय. आणि अप्पा मोठ्याने म्हणाले, छान झालंय. इतक्या सहज, चहात साखर हवी का म्हणावं तसं. मला बघून पाय जवळ घेतले. मी सुटे पैसे घेतले आणि आले. बॉनेटवर कडेला वर्तुळं होती, मला लांबून दिसली. ती मी तशीच राहू दिली.

धाकट्या, तुझा मी जन्मभर हेवा केला, पण त्या माणसाचा आज जेवढा वाटला तेवढा तुझा कधीच वाटला नाही. घरी येऊन खिडकी लावून घेतली. मग लक्षात आलं की हे जर कोणाला सांगायचं असेल, तर जगात तू एकटाच आहेस. तुझ्याही पोटात नेमकं हेच दुखणार आहे.

शनिवारी ये. पॅडं, पॉलिश, मोजायचं यंत्र, काही आणू नकोस. तू समोर जा आणि अप्पांना घेऊन ये, असं लिहिणार होते. पण तू एकटा गेलास आणि ते तुझ्याबरोबर उठून आले, तर माझा पुन्हा जळफळाट होईल. आणि मी गेले नि माझ्याबरोबर आले तर तुझा होईल. म्हणून दोघं जाऊ. ते आले नाहीत तर तिथेच बसू, तो खुर्च्या देईल तर खुर्च्यांवर, नाहीतर पायरीवर. आणि त्याने विचारलं कसं झालंय, तर तूही छान म्हण. मी प्रयत्न करीन.

लोभ असावा. या खेपेला पद्धत म्हणून लिहीत नाही.
तुझी
ताई